नऊ वाक्यं आणि बाविसावी रांग

गिरणी चालू असली की त्या घरात कोणी ओरडत नसे.

ओरडायची ती बाहेरून आलेली माणसं. गव्हाचा डबा घेऊन दारात उभी राहायची, गळ्याच्या शिरा ताणून "जरा बारीक दळा हो!" म्हणून बोंबलायची, दोन वाक्यांत घसा बसवून घ्यायची आणि घरी जाऊन सांगायची की गिरणीवाला माणूस भला आहे, पण त्याला काही सांगणं म्हणजे शिक्षा. घरच्यांनी हा उद्योग केव्हाच सोडून दिला होता. मोटर, पट्टा आणि दगड असे तिघं एकदम बोलायला लागले की चौथ्याने तोंड घालण्यात अर्थ नसतो. म्हणून ते आवाजाशिवाय बोलायचे. ओठ पुरते उघडायचे, एकेक अक्षर नीट घडवायचं, लागेल तिथे हाताची जोड द्यायची. वजनकाट्यापाशी बसलेली आई पंचवीस फुटांवरच्या बाबांना विचारायची, "दूध वर आलं असेल, गॅस बंद केलात का?" बाबा तिथूनच उत्तर द्यायचे, "तू सांगितलंस कधी?" आणि मग दोघांचं जोरदार भांडण व्हायचं, ज्यात आवाजाचा कणही नसायचा. समोर उभ्या गिऱ्हाइकाला वाटायचं, नवरा-बायको तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळतायत.

"ऐकलंस का?" असं त्या घरात विचारलं, तर त्याचा अर्थ "माझ्या ओठांकडे पाहिलंस का?" असा असे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेही कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

अशा घरातली एकुलती एक मुलगी, वय वर्षं सतरा. केसांत कुठे ना कुठे पीठ राहायचंच, म्हणून कॉलेजात तिचं नाव पिठी पडलं. नावाचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते एका गोष्टीचं. शाळेत असल्यापासून ती काहीही बोलली की समोरचा म्हणायचा, "काय?" वर्गात पंखे फिरत असायचे, मुलं गलका करत असायची आणि हजेरीला तिने दिलेला "हजर" तिच्या ओठांवरच राहून जायचा. एका वर्षी तिची अकरा दिवस गैरहजेरी लागली होती. अकराही दिवस ती पहिल्या बाकावर बसलेली होती.

कॉलेजच्या नाट्यवर्गात तिने नाव घातलं ते गंमत म्हणून. पहिलं वाचन लहान खोलीत झालं, टेबलाभोवती सहा जण, खिडक्या बंद. पिठीने वाचलं आणि सगळे खूश झाले. एकही अक्षर सांडलं नव्हतं, चेहरा प्रत्येक शब्दाबरोबर हलत होता. तिला लगेच खाणावळीच्या मालकिणीची भूमिका मिळाली. नऊ वाक्यांची भूमिका, पण कशी! खाणावळीत तीन प्रवासी एका खोलीवरून तासभर भांडतायत, आणि मालकीण आत येऊन एक वाक्य बोलते की तिघंही चिडीचूप. पिठीने ते पान दहा वेळा वाचलं. आपण बोलावं आणि तीन माणसांनी गप्प होऊन ऐकावं, हे तिच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. तिला ती बाई व्हायचंच होतं.

मग तालीम हॉलमध्ये गेली. हॉलला बावीस रांगा होत्या आणि छताला चौदा पंखे. पंखे सगळे घरघरणारे. पिठी रंगमंचावर आली, मधोमध उभी राहिली, ओठ हलले, हात हलले.

सातव्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "हं, कर सुरू."

"मॅडम," पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "तिचं संपलं."

नाट्यवर्गाच्या या मॅडमनी आयुष्याची वीस वर्षं नाटकाच्या धंद्यात काढली होती, पण रंगमंचावर त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्या प्रॉम्प्टर होत्या. बाजूच्या पडद्याआड स्टुलावर बसून, विसरलेल्या नटाला शब्द पुरवायच्या. मुलं त्यांना मागून कुजबुज मॅडम म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"मी वीस वर्षं अशी बोलले," त्या म्हणायच्या, "की आठ पावलांवरच्या नटाला ऐकू यावं आणि दहा पावलांवरच्या पहिल्या रांगेला येऊ नये. तुम्हाला उलटं करायचंय, पण सुरुवात तीच. तोंड उघडायच्या आधी ठरवा, कोणाला ऐकवायचंय. नुसतं 'सगळ्यांना' म्हणू नका. सगळे म्हणजे कोणीच नाही. एक माणूस निवडा."

त्या सगळ्यांना जमिनीवर आडवं पाडायच्या आणि पोटावर एकेक जाड पुस्तक ठेवायच्या. श्वास घेतला की पुस्तक वर आलं पाहिजे, खांदे नाही. पिठीचं पुस्तक दोन बोटं वर यायचं, सगळ्यांत जास्त. तिने मोजलं होतं. मग मॅडम "म" लावून धरायला सांगायच्या, नाकाचं हाड थरथरेपर्यंत. तेही पिठीला जमायचं. मग चालत येऊन उभं राहायचं, पाय रोवून, हातांना काही काम न देता, दहा आकडे मनात मोजेपर्यंत नुसतं समोर बघायचं. नवी मुलं इथे गडबडायची. कोणी केस सारखे करायचं, कोणाला नेमकं तेव्हाच कोपर खाजायचं. पिठी खांबासारखी उभी राहायची. फक्त बोलायची वेळ आली की आवाज गडप. हॉल मोठा, चौदा पंखे घरघरतायत, आणि तिच्या अंगाने तिला न विचारता ठरवून टाकलं होतं की गिरणी चालू आहे.

"पंखे बंद करून बघू या का?" तिने एकदा विचारलं.

"आणि प्रयोगाच्या दिवशी तीनशे माणसांना घामाघूम बसवू या?" मॅडम म्हणाल्या. "शनिवारी परीक्षा. शेवटच्या रांगेत एक जण बसेल. वाक्य ऐकू आलं की हात वर करेल. नऊपैकी नऊ. नाहीतर भूमिका भोंग्याला."

भोंगा म्हणजे तीच पहिल्या रांगेतली मुलगी. तिचा आवाज कॉलेजच्या फाटकापासून ऐकू यायचा, पण ती काय म्हणतेय हे मात्र ती जवळ येऊन पोचल्यावरच कळायचं. सगळे शब्द एकमेकांत कालवलेले.

"ए पिठे, तूपासहोशीलगंकाळजीकशालाकरतेस," ती म्हणाली.

"काय?" पिठी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न आपण दुसऱ्याला विचारला याचं तिला जरा बरं वाटलं.

शनिवारी शेवटच्या रांगेत बसायला कोणी मोकळं नव्हतं. इतक्यात मागचं दार ढकलून बाबा आत आले. मालकिणीचा एप्रन आईने शिवून तयार केला होता, तो ते द्यायला आले होते. अंगावर कामाचेच कपडे, भुवया पांढऱ्या.

"बरे आलात, भाऊ!" मॅडमनी हात करून त्यांना बसवलं. "तिथेच बसा. वाक्य ऐकू आलं की हात वर. नाही आलं तर नाही."

बाबांनी मान डोलावली आणि ताठ बसले, सरकारी काम आल्यासारखे.

पिठी उभी राहिली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे एक माणूस निवडला. समोर बाबाच होते. तिने पोटातून श्वास घेतला आणि बोलायला लागली. पहिलं वाक्य, हात वर. दुसरं, हात वर. बाबा दर वेळी खाडकन हात वर करत होते, मध्ये एकदा तर हसलेही, नेमके हसण्याच्या जागी. नऊपैकी नऊ.

मॅडम सातव्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना तीन वाक्यं ऐकू आली होती. बाराव्या रांगेतल्या भोंग्याला एकही नाही.

"अहो, आवाज माझ्या डोक्यावरून गेला की काय?" मॅडम मागे वळून म्हणाल्या. "भाऊ, नक्की ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे? शब्द न् शब्द!" बाबा म्हणाले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊही वाक्यं म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. या हॉलची रचनाच विचित्र असेल, असं कोणीतरी म्हणालं. मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली.

पिठी मात्र बाबांकडे बघत राहिली. बाबा खोटं बोलत नव्हते. तेच तर अवघड होतं.

घरी जाताना तिने दोन प्रयोग केले. रस्ता ओलांडायला दोघं थांबले तेव्हा ती बाबांच्या समोर उभी राहिली आणि आवाजाचा टिपूस न काढता नुसते ओठ हलवले, "बाबा, साबण संपलाय."

"काल तर आणला!" बाबा म्हणाले.

पुढे गेल्यावर ती चार पावलं मागे राहिली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबा, बुटाची नाडी सुटलीय." काही नाही. आणखी मोठ्याने म्हणाली. शेजारून चाललेल्या एका बाईंनी थबकून स्वतःचे बूट पाहिले. बाबा तसेच चालत राहिले आणि थोड्या वेळाने वळून म्हणाले, "मागे का राहिलीस? बोल ना काहीतरी."

म्हणजे बाबांनी तिला ऐकलं नव्हतं. पाहिलं होतं. आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

रविवारभर तिने ते पोटात ठेवलं. गप्प बसलं तर भूमिका आपलीच होती, वहीत खूण झाली होती. पण प्रयोगाला तीनशे लोक येणार, आणि ते काही गिरणीत वाढलेले नसणार. सोमवारी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, अगदी हळू.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी मॅडम तिच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्या हसायला लागल्या. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांना रुमाल लावून हसल्या.

"अगं, वीस वर्षांत मला तुझ्या बाबांसारखा एक नट मिळाला असता तर! एक शब्द न काढता नाटक चाललं असतं!"

"पण मॅडम, तीनशे गिरणीवाले मी कुठून आणू?"

"तेही खरंच." मॅडमनी वही काढली आणि खूण खोडली. "निकाल रद्द. येत्या शनिवारी पुन्हा. भोंग्याला पाठांतर सुरू करायला सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि मला तुमची गिरणी बघायचीय."

मंगळवारी दुपारी मॅडम गव्हाचा डबा घेऊन निघाल्या, नुसतं रिकाम्या हाताने कशाला जायचं म्हणून. रस्त्याच्या पलीकडे त्या गाड्या थांबायची वाट बघत उभ्या होत्या. एक ट्रक गेला, मागून दुसरा. गिरणीची घरघर इथवर येत होती. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या खालून, जमिनीलगत सरपटत आल्यासारखा, एक शब्द त्यांच्यापर्यंत येऊन पोचला.

"रिकामं!"

मॅडमनी रस्ता कसा ओलांडला त्यांनाच ठाऊक. दारात येऊन बघतात तर गिरणी थांबलेली, बाबा मागच्या भिंतीशी खटक्यावर हात ठेवून उभे, आणि पिठी स्टुलावर चढून पत्र्याच्या नरसाळ्यात वाकून बघतेय.

"आत्ता कोण ओरडलं?"

"कोणी नाही, मॅडम," पिठी म्हणाली. "मीच सांगितलं बाबांना."

वरच्या नरसाळ्यातले दाणे संपले आणि गिरणी तशीच चालत राहिली, तर दगडाला दगड घासतो. जळका वास सुटतो, मग दगड उघडून छिन्नीने त्यांना पुन्हा टाकी लावत बसावं लागतं, दोन दिवस काम बंद. म्हणून दाणे संपत आले की वरच्याने खटक्याजवळच्याला तत्काळ सांगायचं. खटक्याजवळच्याची पाठ असते, तिथे ओठ कामाचे नाहीत. एवढा एकच शब्द त्या घरात तोंडाने बोलला जायचा. पिठी सहा वर्षांची असल्यापासून तो बोलत होती, दिवसातून तीस-चाळीस वेळा.

"पुन्हा म्हण," मॅडम म्हणाल्या.

"पण आत्ता रिकामं झालंच आहे."

"असू दे, म्हण."

पिठीने म्हटलं आणि ते जेमतेम काट्यापर्यंत पोचलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी स्वतःचे गहू नरसाळ्यात ओतले, गिरणी चालू करायला लावली आणि काट्याशेजारी दबा धरून बसल्या. सात मिनिटांनी दाणे संपत आले. पिठीने एक हात नरसाळ्याच्या काठावर ठेवला, पाय रोवले, पोट फुगलं, आणि "रिकामं!" आवाज किंचाळणारा नव्हता. उलट तिच्या बोलण्याहून खालच्या पट्टीतला होता. गिरणीचं किंचाळणं वर, उंच पट्टीत चाललेलं, आणि हा शब्द त्याच्या खालून वाकून निघून गेल्यासारखा थेट खटक्याशी. त्यातला "का" तर दार सताड उघडावं तसा उघडला होता.

"हिला आवाज नाही असं कोण म्हणालं?" गिरणी थांबल्यावर मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच," पिठी म्हणाली.

"मी मूर्ख आहे. भाऊ, तुम्ही पण कमाल केलीत हं शनिवारी. नुसते ओठ वाचून नऊ वाक्यं!"

"कोण? मी?" बाबा हसले. "मी कशाला ओठ वाचतोय? मी ऐकलं."

पिठीने डोळ्यांनी मॅडमना थांबवायचा प्रयत्न केला, पण बाण सुटला होता. आई काट्यावरून उठली, बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि चारचौघांत बोलतात तशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यावर पाल आहे."

बाबा मॅडमकडे बघून हसतच राहिले. मग सगळ्यांचे चेहरे बघून त्यांचं हसू हळूहळू थांबलं. ते वळले. "काय म्हणालीस?"

आईने समोरून पुन्हा सांगितलं. बाबांनी घाईघाईने डोकं झटकलं. पीठ उडालं. मग ते पोत्यावर बसले.

"म्हणजे मला ऐकूच येत नाही?"

"येतं, बाबा. 'रिकामं' येतं की. खालच्या पट्टीतलं येतं," पिठी म्हणाली. "वरचं येत नसावं. गिरणीने वरचं नेलं असेल."

बाबांनी हातांवरचं पीठ झटकलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण मग ही रागावते तेव्हा? ते तर मला सगळं ऐकू येतं."

"तुम्ही पाठ फिरवेपर्यंत," आई म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, माणूस किती सोशिक! मी बोलत राहते आणि हा पाठ करून शांतपणे पट्ट्याला तेल देतोय!"

बाबा आधी खजील झाले आणि मग पोत्यावर बसल्या बसल्या असे हसले की पोतं कलंडलं. कानाच्या डॉक्टरकडे जायचं त्याच संध्याकाळी ठरलं, आणि शनिवारी शेवटच्या रांगेत पुन्हा आपणच बसणार हेही त्यांनी ठरवून टाकलं. "या वेळी पाठ करून बसतो. बघू पोरगी काय करते."

शुक्रवारपर्यंत तालीम गिरणीतच झाली, गिरणी चालू ठेवून. मॅडमची युक्ती साधी होती. आधी "रिकामं!" म्हणायचं, आणि त्याच श्वासात, त्याच पायांवर, त्याच माणसाला मालकिणीचं वाक्य. "रिकामं! या, बसा. खोली एकच उरलीय." पहिल्या दिवशी यातून भलताच घोटाळा झाला. "रिकामं" म्हटलं की बाबांचा हात आपोआप खटक्यावर जायचा. एका तासात गिरणी अकरा वेळा बंद पडली. एक आजोबा आपला डबा घेऊन उठले, म्हणाले, "हे दळण आहे की हप्त्याहप्त्याने पीठ?" मग मॅडमनी "रिकामं" मनातल्या मनात म्हणायला लावलं. मनातल्या मनात म्हटलं तरी पोट फुगायचं, पाय रोवले जायचे. दुसऱ्या दिवशी पिठीने वाक्य नुसतं "या, बसा!" असं टाकलं आणि बाबांनी खाडकन खटका बंद केला.

"मी 'रिकामं' म्हटलंच नाही, बाबा!"

"आवाज तोच होता ना," बाबा म्हणाले. "मला काय माहीत आत काय भरलंयस!"

मॅडमनी गिरणीच्या मध्यभागी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अर्थात त्या कोणालाच ऐकू आल्या नाहीत.

सगळं इतकं सरळ झालं असं मात्र नाही. लांबलचक वाक्य आलं की पिठीचा श्वास मध्येच संपायचा आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा ओठांवर विरून जायचे. मॅडमनी ती वाक्यं कुठे तोडायची त्या जागा तिला पेन्सिलीने आखून दिल्या. गुरुवारी पिठी रडली, थोडीशीच, नरसाळ्यामागे. आईने काट्यावरून ओठांनीच विचारलं, "पीठ गेलं का डोळ्यात?" पिठीने ओठांनीच सांगितलं, "हो."

शनिवारी पंखे फिरत होते, चौदाच्या चौदा. बाविसाव्या रांगेच्या एका टोकाला बाबा खुर्चीत उलटे, गुडघे टेकून, तोंड मागच्या भिंतीकडे करून बसले. दुसऱ्या टोकाला भोंगा. तिला तिथे मॅडमनी बसवलं होतं, म्हणाल्या, एका मापाने मोजलं की काय होतं ते मागच्या वेळी पाहिलं.

पिठी मधोमध आली. उभी राहिली. या वेळी बाबांचा चेहरा नव्हता, फक्त पाठ होती, आणि पाठीशी कसं बोलायचं हे तिला सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. पोट भरलं. "या, बसा. खोली एकच उरलीय, आणि तिच्यात आधीच तिघं भांडतायत!"

बाबांचा हात वर गेला. भोंग्याचाही.

नऊ वाक्यं झाली. मॅडमनी आकडे विचारले. बाबांचे सात.

पिठीने ओठ घट्ट मिटले.

"कुठली दोन राहिली?" मॅडमनी विचारलं. हात वर न गेलेली वाक्यं त्यांनी वहीत टिपून ठेवली होतीच. एक होतं "शिस्तीत बसा सगळे," आणि दुसरं "शिव्या संपल्या असतील तर शिडी सरळ करा."

"सगळे स आणि श," पिठी म्हणाली. "ती अक्षरं उंच पट्टीत जातात. बाबांना ती येत नाहीत."

"'शिस्तीत बसा' हे त्यांना कधीच ऐकू आलेलं नाही," बाबांबरोबर आलेली आई मागून म्हणाली.

"आणि तुझे किती?" मॅडमनी भोंग्याकडे वळून विचारलं.

भोंगा उभी राहिली. भूमिका तिला हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने पाठांतरही पुरं केलं होतं. तिने एकदा पिठीकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि या वेळी एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "नऊ. मॅडम, माझे नऊ. आता काय, खोटं बोलू?"

मॅडमनी खूण केली आणि वही मिटली. भोंग्याला त्यांनी भांडणाऱ्या प्रवाशांपैकी एक करून टाकलं. भांडणात शब्द कळले नाहीत तरी चालतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावरून भोंगा त्यांच्याशी अर्धा तास भांडली.

प्रयोग दुपारी होता. हॉल भरला. बाबा आणि आई तिसऱ्या रांगेत. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र बाबांनी कालच कानात घातलं होतं आणि लोकांचं खोकणं एवढं मोठं असतं हे ऐकून ते हैराण झाले होते. मॅडम सवयीने बाजूच्या पडद्याआड स्टुलावर, हातात संहिता.

पिठीचं पहिलं वाक्य पार पडलं. दुसरं, तिसरं. लोक ऐकत होते. तिला ते कळत होतं, कारण कोणी खुर्चीत हलत नव्हतं. मग आलं पाचवं. प्रवाशांचं भांडण शिगेला पोचलंय, दिवा वाऱ्याने विझू पाहतोय, आणि मालकीण कमरेवर हात ठेवून वळते. पिठी वळली, पाय रोवले, सरळ समोर अंधारात बघितलं आणि विचारलं, "दार उघडं कोणी टाकलं?"

आणि बाविसाव्या रांगेच्याही मागून, पार टोकाहून, हॉलच्या रखवालदाराचा दचकलेला आवाज आला, "मी नाही बाई! हवा येत नव्हती म्हणून लोकांनीच उघडायला लावलं!"

तीनशे माणसं एकदम हसली. माना मागे वळल्या. बाबा गोंधळून आईला म्हणाले, "काय झालं? कोण काय म्हणालं?" आणि आईने रंगमंचावरून येणाऱ्या उजेडात, आवाज न काढता, त्यांना सगळं सांगितलं. बाबा तिसऱ्या रांगेत उठून उभे राहिले आणि पुन्हा बसवले गेले.

भांडणाऱ्या तिघांनी डोळे विस्फारले. भोंग्याला हसू आवरेना, तिने प्रेक्षकांकडे पाठ केली. पडद्याआड मॅडमनी पुढचं वाक्य पुरवायला तोंड उघडलं. हसण्यावर बोलू नये, ते ओसरू द्यावं, हे त्यांनी मुलांना पंचवीस वेळा सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. त्यांनी पिठीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

पिठी हलली नव्हती. हात कमरेवर, नजर मागच्या दारावर. ती घाबरलेली दिसत नव्हती. ती त्या दाराची मालकीण होती आणि दार लागायची वाट बघत होती. हसू कमी झालं. आणखी कमी झालं. एकेक जण पुन्हा समोर वळला आणि तिला तशीच उभी बघून गप्प झाला. शेवटी रखवालदार दाराकडे वळला. त्याची पावलं वाजली, दार कुरकुरलं, आणि सगळ्या हॉलने, तीनशेच्या तीनशे माणसांनी, तिच्याबरोबर थांबून कडी लागल्याचा आवाज ऐकला.

मग तिने श्वास घेतला आणि सहावं वाक्य बोलली.